दोन फुल रेंज आणि एक विहीर

डावा

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने स्पीकरची पहिली जोडी लावली आणि शोकेसची काच थरथरली.

"बघा काका, बेस बघा!"

"आम्हाला काच वाजवायची नाहीये," दिगंबरराव म्हणाले. "गाणं ऐकायचंय."

त्याने दुसरी जोडी लावली. हेमाताई पर्स मांडीवर धरून, वर्गावर बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

"कशी वाटली गं?"

"छान आहे."

उजवा

छान म्हणजे नाही. इतक्या वर्षांच्या संसारात दिगंबररावांना एवढं तरी कळलं होतं. छान हा शब्द हेमाताईंनी दुसऱ्यांच्या घरच्या पोह्यांसाठी राखून ठेवला होता.

तीन वर्षांपूर्वी हेमाताईंचे कान मंदावले. आवाज यायचा, पण शब्द भिजलेल्या कागदावरच्या शाईसारखे पसरून यायचे. कानाचं यंत्र आणलं. "कानात कुणीतरी पिशवी चुरगाळतंय," म्हणून त्यांनी ते आठवडाभरात काढून ठेवलं. उभा जन्म शाळेत मराठी शिकवलेली बाई! आता कुणी काही बोललं की नुसती मान डोलावायची. दिगंबरराव शेजारून तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणायचे. संध्याकाळी कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये टेप सुरू झाला की हेमाताई हळूच उठून आत जायच्या.

दिगंबररावांना स्पीकरचा शौक नव्हता. समोरच्या खुर्चीत बायको बसलेली हवी होती, बस.

डावा

"मग फुल रेंज बघा," दुकानदार म्हणाला. "एकाच पडद्यातून खर्ज पण निघतो आणि वरचे सूर पण. धडधडणार नाही. माणूस समोर बसून बोलतोय असं वाटेल. माझ्याकडे नाहीत, विश्रांतवाडीला जयसिंगरावांकडे जुनी जोडी पडून आहे."

पुन्हा डावाच

(उजवीकडची वायर निघाली आहे. रिक्षा विश्रांतवाडीला पोचेपर्यंत दिगंबररावांच्या मनात काही नव्हतं असं समजा. होतं, पण ते तुम्हाला आधीच सांगून झालंय.)

जयसिंगरावांचा बंगला त्यांच्याच जुन्या शेतात उभा होता. आजूबाजूला सगळ्या सोसायट्या. हॉलच्या दोन कोपऱ्यांत लाकडाची दोन खोकी होती, पुढचं कापड उसवलेलं.

"पोरांना होम थिएटर पायजे," जयसिंगराव म्हणाले. "ह्यांना कोन विचारतंय आता! बसा बाई, च्या ठेवलाय."

दिगंबररावांनी आपली कॅसेट दिली. गाणं सुरू झालं. स्वच्छ होतं, मोकळं होतं. त्यांनी आशेने हेमाताईंकडे पाहिलं.

"छान आहे," हेमाताई म्हणाल्या.

दिगंबररावांनी चहाचा कप खाली ठेवला. निघायची वेळ झाली होती.

"थांबा, जरा दनका ऐकवतो," म्हणत जयसिंगरावांनी खणातून कॅसेट काढली, घातली, बटण दाबलं. दणका नाही. खोकला आला. मग म्हाताऱ्या माणसाचा संथ आवाज:

"...हीर खनत तीन पुरुस खोल गेलो, तरी पानी न्हाई. भाऊबंद हसाया लागले. मी म्हनलं, खाली पानी हाय..."

"आरं, ही नव्हं!" जयसिंगराव बटणाकडे धावले.

"पाणी!" हेमाताई म्हणाल्या.

जयसिंगराव थांबले. "पानी आनू का, बाई?"

"नको. हे गृहस्थ सारखं पानी पानी म्हणतायत. पाणी म्हणावं. बाणातला ण."

उजवा

न आणि ण.

तीन वर्षं तिला 'भात' आणि 'हात' वेगळे ऐकू येत नव्हते.

डावा, उजवा, कुठलाही

"आमचे आबा हायेत ते," जयसिंगराव म्हणाले. "गेनबा. नातवानं गंमत म्हनून टेप केलेलं."

हेमाताई एकदम ओशाळल्या. "अहो, माफ करा. सवय हो, मास्तरकीची."

"आबा असते तर बोलले असते, बाई, पानी म्हनून प्यालं तर तहान भागत न्हाई व्हय?"

हेमाताई हसल्या. मोठ्याने, खुर्चीची पाठ हलेल अशा. मग उठून त्यांनी ती खुर्ची स्वतःच ओढली आणि दोन खोक्यांच्या बरोबर समोर आणून ठेवली. आबा कुदळीबद्दल काही सांगत होते, खडक लागल्याचं सांगत होते. दिगंबरराव सवयीने त्यांच्या कानाशी वाकले.

"हेमा, ते म्हणतायत की खडक—"

"अहो, जरा गप्प बसाल का? ऐकू द्या."

दिगंबरराव गप्प बसले. इतकं खुशीत त्यांना आजवर कुणी गप्प केलं नव्हतं.

"मग देऊ का बांधून?" जयसिंगरावांनी हळूच विचारलं.

दिगंबररावांनी बायकोकडे बोट दाखवलं. हेमाताईंनी मान न वळवता हात वर केला, वर्गात करायच्या तसा. थांबा.

जयसिंगरावही मग जमिनीवर मांडी घालून बसले. आबांना अजून सुरुंग लावायचा होता.