तुंब्याला तडा नव्हता

मी एक जुना तुंबा आहे, मित्रांनो. तुंबा म्हणजे वाळवून पोकळ केलेला कडू भोपळा. सध्या मी एका उकिरड्यावर आडवा पडलो आहे आणि माझी एक बाजू भिजून मऊ पडली आहे. दिवस थोडे उरले आहेत, म्हणून पोटात आहे ते बोलून घेतो.

उकिरडा म्हटल्यावर नाक मुरडू नका. माझा जन्मही याच ढिगावर झाला. शेण, चुलीतली राख, झाडलेला पाला, शेंगांची टरफले असे घरात नकोसे झालेले सगळे इथे थरावर थर येऊन पडे. ढिगाची मालकीण होती एक ठेंगणी, तापट बाई. तिला सगळे बीवाली मावशी म्हणत. ती दर पंधरा दिवसांनी ढीग वरखाली करी, आत कोपरापर्यंत हात खुपसून ऊब बघे आणि कोरडा वाटला तर पाणी शिंपडे. तिचे शेत म्हणजे उतारावरची खडकाळ पट्टी. शेजारचा कुंभार हसायचा, "मावशी, दगडांना जेवू घालताय की काय?"

"उकिरड्याचा पांगसुद्धा बारा वर्षांनी फिटतो," मावशी म्हणायची. "मला तीन पुरेत."

आणि तिसऱ्या वर्षी त्या पट्टीत तांबड्या चवळीला शेंगांचे असे घोस लागले, की कुंभारच वाडगा घेऊन बी मागायला दारात उभा राहिला. मावशीने त्याला दिले, पण आधी चांगले सुनावले.

त्याच वर्षी ती मला वेलावरून घरात घेऊन आली. माझा गळा कापला, आत पाणी भरून माझा गर कुजवला, मग मूठभर खडे घालून मला खळखळ हलवले. दुखले का म्हणाल तर दुखले. नंतर चुलीवरच्या धुरात महिनाभर टांगल्यावर मी असा टणक झालो की टिचकी मारली तर लाकडासारखा वाजे. मला बी सांभाळायचे काम मिळाले.

त्या कामाची एक रीत होती. राख चाळून गार करायची. कडुनिंबाचा पाला चुरा होईल इतका वाळवायचा. मग बी. पण बी माझ्यात घालण्याआधी मावशी त्यातला एक दाणा माझ्या तोंडाशी बसून दाढेखाली धरी. कट्ट आवाज आला की बी वाळले. दाणा दबला, नुसता चेपला, तर पुन्हा उन्हात. "माणूस खोटं बोलेल, दात खोटं बोलत नाही," असे ती म्हणे. मग एक थर राख, एक थर दाणे, मध्ये पाला, असे मला गच्च भरून माझे तोंड शेणमातीने लिंपून टाकी. इतरांच्या घरी डब्यातल्या चवळीला भुंगे लागून नुसता भुसा उरे. माझ्या पोटातला दाणा मात्र जसा आत जाई तसा बाहेर येई. चौदा वर्षे अकरा घरांनी माझ्याच बियांवर पेरणी केली. बायका मला हात लावून म्हणत, "गुणाचा गं बाई हा तुंबा!" खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडे.

पुढे घरात सून आली. मुलगा गवंडीकामाला दूर होता, घरात या दोघीच. सासू-सुनांमध्ये विळ्या-भोपळ्याचे सख्य असते म्हणतात. मी स्वतः भोपळा आहे, मला विचारा. या दोघींचे तसे नव्हते. सून मावशीचे डोके चोळून देई आणि तिच्या तापटपणावर पदराआड हसे. मावशीला ती दुखवत नसे. हेच पुढे नडले.

मावशीचे दात पडायला लागले होते. समोरचे गेले, बाजूचे गेले. एकच दाढ उरली होती, आणि बी चावायचे असले की ती तेवढ्या एका दाढेवर काम भागवी. चुलीवर टांगलेला असल्यामुळे मी एका सकाळी पाहिले, ती शेवटची दाढ तिच्या हातात आली. तिने इकडेतिकडे बघितले आणि दाढ राखेच्या डब्यात खोल खुपसली.

ते वर्ष वाईट होते. काढणीच्या वेळी आठवडाभर ऊन नाही. बाकीच्यांच्या शेंगा शेतातच कुजल्या. मावशीच्या पट्टीतले कसेबसे एका तुंब्याला पुरेल इतके बी हाती लागले. ही चवळी दुसरीकडे कुठे नव्हती. बाजारातली त्या खडकाळ जमिनीत वीतभर वाढते आणि पिवळी पडते. म्हणजे अकरा घरांची चवळी माझ्या एकट्याच्या पोटात जाणार होती.

भरण्याच्या दिवशी सून अंगणात राख चाळत होती. चाळणीत काहीतरी खडखडले. तिने उचलून पाहिले. दाढ होती. तितक्यात मावशी बियांचे सूप घेऊन बाहेर आली. सासूला लाजल्यासारखे होऊ नये म्हणून सुनेने दाढ झटकन चाळलेल्या राखेत दडपली, आणि तीच राख पुढे माझ्यात आली.

मावशी बसली. दाणा तोंडात टाकला. हिरड्यांवर घोळवला. आणि मग कट्ट असा आवाज आला. मित्रांनो, तो आवाज दाण्याचा नव्हता. तिने जीभ टाळूला लावून वाजवली होती.

सुनेने मान वर केली. "आई, मी एक चावून बघू?"

"का? माझा शब्द पुरत नाही?"

"तसं नाही हो."

"मग आण इकडे राख."

सूनबाईने राख पुढे केली. मी भरला गेलो, लिंपला गेलो.

पुढचे सांगताना मला अजून कसेतरी होते. चौथ्या दिवशी माझ्या पोटात ऊब आली, ढिगासारखी. दाणे घामेजले. राखेचे गोळे झाले. मग बुरशीचा तो आंबूस वास. आत एकेक दाणा मरत होता आणि खाली दोघी चुलीशी बसून पुढच्या पेरणीच्या गोष्टी करत होत्या. तुंब्याला तोंड असते, पण जीभ नसते. मी काय करणार?

पेरणीला अकरा घरच्या बायका वाडगे घेऊन अंगणात आल्या. मावशीने लिंपण फोडले आणि वास सगळ्यांच्या नाकात गेला. तिने हात घातला तो बाहेर आला एक करडा, केसाळ गोळा घेऊन. कुंभाराच्या बायकोने वाडगा पदराखाली घेतला.

"तुंब्याला तडा गेला असणार," मावशी म्हणाली.

सगळ्यांनी सुनेकडे पाहिले. "हो," ती म्हणाली. "मीपण बघितला तडा."

नाचता येईना अंगण वाकडे! चौदा वर्षांत मला केसाएवढी भेग पडली नव्हती. पण मला उचलून इथे ढिगावर भिरकावण्यात आले. त्या वर्षी अकरा घरांनी बाजारातले बी पेरले. वीतभर वाढले आणि पिवळे पडले.

काल मावशी इथे आली. किती वाळली आहे ती! ढिगापाशी बसून तिने मला मांडीवर घेतले आणि माझ्यात हात घातला. एखादा तरी दाणा धड असेल, एवढीच आशा. बोटांनी ती ओली राख चिवडत राहिली. एकाएकी बोटांना काहीतरी टणक लागले. टणक, न दबणारे! तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिने ते बाहेर काढले, पदराला पुसले, उन्हात धरले.

तिची दाढ होती ती.

मावशीने ती बोटांत फिरवून पाहिली. मग तिने सुनेला हाक मारली. सून आली, तळहातावर काय आहे ते तिने पाहिले, आणि तिचा चेहरा पडला.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आई."

दाढ मुठीत धरून मावशी रिकाम्या पट्टीकडे बघत बसली. सून तिच्याशेजारी बसली. अंधार पडायच्या आत दोघी घरात गेल्या.

मित्रांनो, मोठ्यांचा मान जरूर ठेवा. पण बी मान ओळखत नाही. तुमच्या घरी कोणी बी भरत असेल, तर रागावले तरी चालेल, तुम्ही स्वतः एक दाणा चावून बघा. आणि तुमचे दात गेले असतील, तर तसे सांगा. माझे काय, मी आता कुजतो आहे. वर्षभरात माझे चांगले खत होईल आणि मावशी नेहमीसारखे ते पट्टीत पसरेल. पण त्यात पेरायला ती चवळी नसेल.