ठमाबाईचा सूर

जुना झालोय मित्रांनो, पण अजून वाजतो. मी कीबोर्ड, टायपिंगचा नव्हे, गाण्याचा. पनवेलच्या कोळीवाड्यातली भावना हळदीच्या कार्यक्रमांत मला वाजवायची. बासरी, सनई, व्हायोलिन असे आवाज माझ्या पोटात कारखान्यातूनच भरून आले होते. कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली, एवढंच मिडी, म्हणजे माझ्या आतली संकेतांची भाषा, सांगते. आवाज कुणाचा, ते आपण ठरवायचं. माइक जोडून बाहेरचा आवाजही माझ्यात भरता येई. ती सोय मात्र कुणी वापरली नव्हती.

भावनाची आत्या ठमाबाई धवलारीण होती. लग्नात देवांना बोलावणारे धवले ती गायची. तिच्याशिवाय वाड्यातलं लग्न लागत नसे. दोन हजार आठ साली तिच्या घशात गाठ निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

भावनाने मला उचलून थेट आत्याच्या ओटीवर मांडलं.

"आते, तुजा आवाज यात भरून ठेवू."

"देवाचा गाना मशिनीत? नाय बा!"

"मंग रियाच्या लग्नात कोन गाईल?"

रिया ठमाबाईची नात. म्हातारी पदर खोचून म्हणाली, "आन तो माइक."

पहिला प्रयत्न फसला. भावनाने एकच सूर सगळ्या पट्ट्यांवर पसरला. वरच्या पट्ट्यांवर ठमाबाई चिमणीसारखी चिवचिवली, खालच्या पट्ट्यांवर रेड्यासारखी रेकली. स्वतःच पोट धरून हसली. मग प्रत्येक पट्टीचा सूर वेगळा घ्यायचं ठरलं. पंखा बंद, फ्रिज बंद. मध्येच खोकला यायचा. भावना म्हणे, "ऱ्हाऊ दे आता." ठमाबाई म्हणे, "परत घे. ह्यो वाकडा आला." आपला कोणता सूर कुठे बसतो, हे ती निरखून बघायची.

ऑपरेशन झालं. आवाज गेला. रियाचं लग्न आलं. मांडवात भावनाने पट्टी दाबली आणि ठमाबाईचा 'आ' निघाला. बायका थिजल्या.

"शब्दांबिगर धवला कसला?" शेजारची भामा पुटपुटली. भावनाचा हात थांबला.

तेव्हा ठमाबाई उठली. गळ्याला रुमाल होता. तिने भावनाला बाजूला सारलं आणि एका बोटाने धवल्याची पहिली ओळ वाजवली. चुकली. पुन्हा वाजवली. मग सुनेकडे, नीताकडे, बघून नुसते ओठ हलवले. नीताने ते शब्द उचलले. मग भामाने. मग अख्ख्या मांडवाने.

त्यानंतर दुपारी मुली यायच्या, रियाही यायची. ठमाबाई वाजवायची, ओठ हलवायची, मुली म्हणायच्या. सूर चुकला की टिचकी मात्र मला बसायची.

आता ठमाबाई नाही. माझ्या काही पट्ट्याही अडकतात. मित्रांनो, तुमच्या घरात गाणारं कुणी असेल, तर त्यांचा आवाज आजच जपून ठेवा. पण तेवढ्यावर थांबू नका. ते गाणं स्वतःच्या गळ्यात घ्या.

परवा वाड्यात लग्न झालं. धवले रियाने गायले. भावनाने मला नेलं होतं, मांडवात मांडलंही होतं. मला कुणी चालूच केलं नाही. इतका आनंद मला वाजतानाही कधी झाला नव्हता.