रखमाजींच्या काळजासाठी

फाल्गुनात पारनेरच्या रखमाजींना झटका आला. नगरला नेऊन दोन स्टेंट टाकले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मन आनंदी ठेवा. हसतमुख माणसाचं हृदय जास्त टिकतं."

त्यांच्या मुलानं, तुषारनं, ते फारच मनावर घेतलं. बापाचा मोबाईल स्वतःकडे ठेवला, टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला दारातच बजावलं, वाईट काही बोलायचं नाही. पोरगं एवढं जपतंय म्हणून रखमाजींना भरून येई.

आई गेल्यावर त्यांना वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, कडूबाईनं. ती घोडेगावात दिलेली. "आक्काचा फोन न्हाई आला?" त्यांनी दोनदा विचारलं.

"आत्या मजेत हाय, दादा," तुषार म्हणाला.

वैशाखात घोडेगावचा वैजनाथ बैलाच्या सौद्यासाठी आला. तुषार तेव्हा सुप्याला कामावर होता. चहा पिता पिता वैजनाथ सहज म्हणाला, "दहाव्याला तुमी दिसला न्हाईत."

"कुनाच्या?"

वैजनाथनं कप खाली ठेवला. रखमाजींची बायको गीताबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या, तेव्हाच रखमाजींना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाचं न ऐकता एसटी धरली. घोडेगावात भाच्याच्या बायकोनं, निकितानं, पाणी दिलं आणि खाली मान घालून सांगितलं, "आत्याबाई तीन दिस तुमचंच नाव घेत हुत्या, मामा. तुषारभाऊजी म्हनले, दादांना कळलं तर त्यांचंबी काही खरं न्हाई. मग आमीच आत्याबाईंना सांगितलं, मामा येऊन गेले, तुमाला झोप लागली हुती."

"मग?"

"म्हनल्या, रखमा मला न उठवताच गेला?"

रखमाजींच्या छातीत काहीच दुखलं नाही. त्याचीच त्यांना चीड आली.

संध्याकाळी घरी आले तर तुषार दारात उभा. "तुमच्या काळजासाठीच केलं, दादा. धक्का बसला असता."

"बसू द्यायचा हुता," रखमाजी म्हणाले. "आक्का माझ्यावर रुसून गेली. आता तिची समजूत कोन घालनार, तू का तुझा डाक्टर?"

गीताबाईंनी ताट वाढलं. रखमाजी जेवले, गोळ्याही घेतल्या. पण पुढं बापलेकांत कामापुरतंच बोलणं उरलं. पाहुण्यांना तुषार सांगतो, दादांची तब्येत एकदम ठणठणीत हाय.