मी तात्यासाहेब नाय

मी बुरशी बोलतेय. भिंतीवरची. मुकुंदवाडीत बद्रीनाथच्या दोन खोल्यांच्या घरात राहते. आधीच सांगून टाकते, मी बद्रीनाथचा बाप नाय. त्याला हे पटत नाय.

माझा जन्म पाण्याच्या ड्रममागं झाला. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून आतल्या खोलीत भिंतीला खेटून तीन निळे ड्रम. पाणी आलं की ते सांडंस्तोवर भरायचे. भिंत कधी वाळलीच नाय. खिडकी डासांसाठी बंद. मला आणखी काय पाहिजे? आधी मी हिरवट ठिपका होते. मग काळी झाले अन् वर चढले.

दिवाळीच्या आधी बद्रीनाथ रंगाचा डबा घेऊन आला. ब्रश बुडवला अन् माझ्यात माणसाचा आकार बघून तसाच थांबला.

"आशा, इकडं ये. हे तात्या हायत."

तात्यासाहेब म्हंजी त्याचे वडील. वर्षापूर्वी गावाकडं वारले. शेवटी शेवटी ते म्हणायचे, मला तुझ्याकडं घेऊन चल. बद्रीनाथ म्हणायचा, जागा नाय.

त्याच्या बायकोनं, आशाबाईनं, मला नीट निरखलं. "मामंजींना मिशी नव्हती."

"तिकडं गेल्यावर वाढवली असंल."

रंगाचा डबा बंद झाला. मला हार आला. रोज तांब्याभर पाण्यानं आंघोळ, मग उदबत्ती. बुरशीला आंघोळ घालणारं दुसरं घर असंल असं मला वाटत नाय. मी लई वाढले. गावाकडचे पाहुणे बघून गेले. म्हणाले, "तात्यांची तब्येत सुधारली."

बिघडली ती बानाची. बाना म्हंजी त्यांची सात वर्षांची पोरगी. आधी सर्दी, मग खोकला, मग श्वास घेताना छातीत शिट्टी. माझी पूड हवेत उडते, दिसत नाय. तीच तिच्या छातीत जात होती. वरून उदबत्तीचा धूर. मी मुद्दाम करत नव्हते. मला दुसरं काय येतच नाय.

बद्रीनाथनं उपाय केला. बानाची गादी माझ्या पायाशी आणून टाकली. "आजोबा लक्ष ठेवतील." खोकला वाढला की गादी आणखी जवळ. शेवटी तिचं डोकं भिंतीला टेकलं.

दवाखान्यातून तोंडानं ओढायचा पंप आला. सवय लागते म्हणून बद्रीनाथनं तो कपाटात ठेवला. त्या दिवशी आशाबाई लई भांडली.

"डॉक्टरनं इचारलं, घरात ओल हाय का. तुम्ही नाय का म्हणलात?"

"ओल कुठंय? वडील हायत ते."

एका सकाळी बाना गादीवर उठून बसली. हात गुडघ्यांवर, खांदे वर, गळ्याखाली खड्डा पडत होता. बद्रीनाथ तांब्या घेऊन मला आंघोळ घालायला येत होता. बानानं माझ्याकडं बघून हात जोडले.

"तात्या... हवा... सोडा... थोडी."

तिला वाटत होतं, तिचा श्वास आजोबांनी धरून ठेवलाय.

बद्रीनाथनं ऐकलं. पोरीला उचललं अन् रिक्षाकडं पळाला. आशाबाई कपाटातला पंप घेऊन मागं.

चार दिवस बाना ऑक्सिजनवर होती. पाचव्या दिवशी बद्रीनाथ एकटाच घरी आला. चप्पल दाराबाहेर काढली. माझ्या पाया पडला.

"तात्या," तो म्हणाला, "तुम्हाला दुसऱ्यांदा नाय म्हणतोय."

मग तोंडाला रुमाल बांधला अन् पत्र्यानं मला खरवडायला लागला. पायापासून सुरुवात केली. तोंडापाशी आल्यावर डोळे मिटून खरवडलं. ड्रम अंगणात नेले. खिडकी उघडली.

बाना घरी आली. आता बाहेरच्या खोलीत झोपते, पंप उशाशी. शिट्टी कमी झालीय, गेली नाय.

कारण मीबी गेले नाय. डोळे मिटल्यामुळं मधला एक पट्टा तसाच राहिला. नेमकी मिशी. बद्रीनाथ रोज सकाळी पत्रा घेऊन येतो, तिच्याकडं बघतो, पत्रा खाली ठेवतो. एवढं तरी राहू दे, म्हणतो.

मला एवढ्यातून परत छतापर्यंत जायला एक पावसाळा पुरतो.

म्हणून हात नसताना हात जोडून सांगते, बद्रीनाथ, आशाबाईनं पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं. तात्यांना मिशी नव्हती. ही माझी हाय. डोळे उघडे ठेव अन् खरवड.