मधली तुकडी

“मॅडम, ते डॉकच्या दाराचं माप...” असं म्हणत दौलत आत आला आणि मेघालीचा हात आपोआप माऊसवर गेला.

“थांब, देते काढून. कुठल्या दाराचं?”

“नाय नाय, माप भेटलं. तिकिटातच हाय.” दौलतने मोबाइल हलवून दाखवला. “लिवून घ्यायला पेन पायजे होता.”

मेघालीने पेन दिला. दिला म्हणजे टेबलावरून त्याच्याकडे सरकवला, तोही जरा जोरातच. पेन घरंगळत खाली पडला. दौलतने तो उचलला, थँक्यू म्हणाला आणि निघून गेला. तो आपला साधा साइट सुपरवायझर, त्याला काय ठाऊक आपण मॅडमच्या जखमेवर मीठ चोळून चाललोय ते.

पूर्णा गावातल्या या गोडाऊनवरच्या ऑफिसात मेघालीची आठ वर्षं गेली होती, आणि त्यातली निम्मी तरी ‘मॅडम, अमुक कुठाय?’ला उत्तरं देण्यात. कंपनीचं काम म्हणजे गोडाऊन आतून उभं करून द्यायचं. रॅक, दारं, वायरिंग, स्कॅनर, आगीचे पाइप, सगळं. कुठलं काम कुणी आणि कधीपर्यंत करायचं याची तिकिटं एका सॉफ्टवेअरमध्ये निघायची. मापं, नकाशे, मीटिंगमध्ये काय ठरलं, हे सगळं मेघाली दुसरीकडे, टीमच्या सामायिक फोल्डरमध्ये लिहून ठेवायची. तिकिटाला पानाचा पत्ता नाही आणि पानाला तिकिटाचा नाही. दोघांच्या मध्ये मेघाली. कुणी विचारलं की ती चष्मा वर सारायची, “थांबा” म्हणायची आणि चुटकीसरशी पान काढून द्यायची. समोरचा म्हणायचा, “मॅडम, तुम्ही नसता तर काय झालं असतं आमचं!” ती म्हणायची, “काही नाही हो.” पण तेवढ्यावर तिचा सबंध दिवस छान जायचा.

आणि मग रीमा आली.

रीमा म्हणजे तिची धाकटी जाऊ, दीर भूपेशची बायको. कॉम्प्युटरची पदवी घेऊन काल्हेरच्या घरात तांदळाच्या भाकऱ्या थापत बसली होती बिचारी. ऑफिसचे मॅनेजर केसरीनाथ सर, त्यांच्याकडे तिच्यासाठी शब्द कुणी टाकला? मेघालीनेच. सासू गुणाबाईला “पोरगी हुशार आहे, घरात कुजायला नको” असं पटवलं कुणी? तेही मेघालीनेच. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर इतका नेम धरून कुणी मारून घेत नाही.

रीमाने वर्षभर मान खाली घालून काम केलं आणि मग एक दिवस तिकिटं आणि फोल्डर जोडून टाकले. आता डॉकच्या, म्हणजे ट्रक लागतात त्या दाराचं तिकीट उघडलं की त्याच्याखाली मापाचं पान, नकाशाचं पान, मीटिंगचं पान आपोआप हजर. कुणी कुणाला विचारायलाच नको. सगळ्यांना शिकवायला तिने तासभराची मीटिंग ठेवली, तेव्हा मेघाली म्हणाली, “तुम्ही ऐका, मी चहाचं बघते.” चहा पाच मिनिटांत झाला होता. ती मात्र पँट्रीत उभी राहून टाळ्या वाजेपर्यंत साखर ढवळतच होती.

हो, मत्सरच तो. मेघालीने स्वतःशी तरी त्याला दुसरं नाव दिलं नाही. रीमासारखी जाऊ शोधून सापडायची नाही, हे तिलाही कळत होतं. उलट बोलणं नाही, नटणं-मुरडणं नाही. ऑफिसात पायरी चढली की ‘मॅडम’ म्हणायची, घरी जाताना स्कूटर नाक्यावरून वळली की ‘ताई’. एवढी चांगली असण्याचाच मेघालीला जास्त राग यायचा. दोष काढायला जागा तरी ठेवावी माणसाने!

त्यात घरचा मासळीचा प्रकार. गुणाबाईच्या घरात जिताडा आला की मधली तुकडी कुणाला जाणार हे गुणाबाई ठरवणार, आणि सगळं घर तिच्या पळीकडे बघत बसणार. नवरा होता तोवर ती त्याला. मग थोरला मुलगा, म्हणजे मेघालीचा धनेश, नवा टेम्पो घेऊन आला तेव्हा त्याला. मेघालीला नोकरी लागली तेव्हा तिलाही मिळाली होती, आठ वर्षांपूर्वी. तोवर सुनेच्या पानात मधली तुकडी पडलेली गल्लीत कुणी ऐकली नव्हती. केसरीनाथ सरांनी रीमाच्या कौतुकाची मेल सगळ्यांना पाठवली त्या संध्याकाळी गुणाबाईने पळी उचलली आणि तुकडी रीमाच्या ताटात टाकली.

“आगो खा. डोकं चालवतंस, खाला पायजे.”

मेघालीच्या ताटात शेपटाकडचा तुकडा आला. त्यात काटे फार. तिने एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावला. धनेशने विचारलं, “काय गं, जेवत नाहीस?” तर म्हणाली, “जेवतेय की. तुम्हाला काय दिसतंय?”

पडघ्याला नवं मोठं गोडाऊन उभं राहायचं होतं, आणि त्या कामाला लीड नेमायचा होता. आठ वर्षं मेघाली याच दिवसाची वाट बघत होती. हेड ऑफिसच्या मॅडम काम बघून नाव ठरवायला यायच्या होत्या. आदल्या दिवशी केसरीनाथ सर तिच्या टेबलाशी थांबले. ती उठून उभी राहिली.

“मेघाली मॅडम, उद्या रीमा दाखवेल सगळं. तिचीच सिस्टिम आहे ना. तुम्ही जरा नाश्त्याचं बघाल?”

“बघते ना सर,” ती म्हणाली.

नाश्त्याचं बघ! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचीच सिस्टिम म्हणे. आणि त्या सिस्टिमच्या पोटात जे भरलंय ते कुणाचं? एकेक पान कुणी लिहिलं? मीटिंगमध्ये बाकीचे समोसे खात होते तेव्हा मान मोडून टाइप कोण करत होतं?

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसच्या मॅडम आल्या, काचेच्या खोलीत बसल्या. रीमाने प्रोजेक्टरचा पडदा लावला. मेघालीने ढोकळ्याच्या बशा आत नेऊन ठेवल्या, बाहेर आली आणि पँट्रीत जाऊन मोबाइलवर फोल्डर उघडलं. फोल्डर तिच्या नावावर होतं. परवानगी कुणाला, तर ‘सगळ्या टीमला’. तिने ते खोडून ‘फक्त मला’ केलं. एवढंच. आता रीमा तिकीट उघडेल, पानावर बोट ठेवेल आणि पडद्यावर येईल, ‘तुम्हाला परवानगी नाही’. सॉफ्टवेअर आहे, अडकतं कधीकधी. कुणाला काय कळणार?

तिने मोबाइल पालथा ठेवला आणि उरलेला ढोकळा डब्यात भरायला घेतला.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. दौलत.

“मॅडम, काय झालं? माज्या सगल्या तिकिटांवर तुमचं नाव आलंय.”

“माझं नाव?”

“हां. ‘मेघाली यांनी या पानाची परवानगी काढून घेतली.’ सगलीकडं एकच लाइन. काय करू आता? पान खुलत नाय.”

मेघालीच्या हातातला डबा तसाच राहिला. दौलतचा फोन ठेवते तोच वायरिंगवाल्याचा आला. मग आगीच्या पाइपवाल्याचा. मग हिशेबातल्या पोरीचा मेसेज, ‘मॅडम, परवानगी का काढली?’ गेले कित्येक आठवडे तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आता अख्खं ऑफिस एकदम विचारत होतं.

पान बदललं की कुणी काय बदललं ते तिकिटाखाली आपोआप उमटतं. जोडणीचा अर्धा फायदा तोच. रीमाने त्या मीटिंगमध्ये हेच तर समजावून सांगितलं होतं, मेघाली चहात साखर ढवळत होती तेव्हा.

“मेघाली मॅडम, आत या जरा,” केसरीनाथ सरांनी काचेवर टकटक केली.

आत पडद्यावर पडघ्याचं तिकीट उघडं होतं आणि त्याच्याखाली तिचं नाव, हाताएवढ्या अक्षरांत. हेड ऑफिसच्या मॅडम पडद्याकडे बघत होत्या. आता सगळं संपलं, नोकरीही आणि घरातला मानही, असं तिला वाटलं.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

रीमाने मेघालीकडे बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं हे मेघालीलाही कळलं.

“मीच सांगितलं होतं मेघाली मॅडमना बंद करायला,” रीमा म्हणाली. “बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरांना एकमेकांचे रेट दिसत होते. जोडताना माझ्याकडून राहून गेलं. मॅडमच्या लक्षात आलं, म्हणून तेवढ्यापुरतं बंद केलंय. मॅडम, आता उघडता का?”

धडधडीत खोटं. रेटचं फोल्डर रीमाने पहिल्याच दिवशी वेगळं काढलं होतं आणि ते मेघालीला चांगलं ठाऊक होतं. तिने मोबाइल काढून परवानगी परत दिली. पान उघडलं. बाकीचं सगळं रीमाने न अडखळता दाखवलं.

मीटिंग संपल्यावर हेड ऑफिसच्या मॅडम उठल्या आणि सरळ मेघालीपाशी आल्या. “जोडणारे पुष्कळ मिळतात हो. कुठे काय बंद ठेवायचं हे कळणारं माणूस मिळत नाही. केसरीनाथ, पडघ्याला यांना लीड करा. ही मुलगी यांच्या हाताखाली राहू दे, हुशार आहे, थोडी घाई करते.”

सर म्हणाले, “अगदी बरोबर मॅडम.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रीमानेही वाजवल्या.

घरी जाताना रीमा मागे बसली. रोज ती मेघालीच्या खांद्यावर हात ठेवायची, आज मागच्या दांडीला धरून बसली. कंटेनरच्या रांगेतून वाट काढत स्कूटर नाक्याशी आली, वळली.

“रीमा,” मेघाली पुढे बघतच म्हणाली, “माझं चुकलं गं. मला तुझं बघवत नव्हतं. खरंच नव्हतं बघवत.”

“माहितीये मला.”

“मी उद्या सरांना खरं सांगते.”

“काय सांगाल? मग मी खोटं बोलले तेही सांगावं लागेल. दोघींची नोकरी जाईल.” मागून ट्रकचा हॉर्न वाजला, तो थांबेपर्यंत ती थांबली. “या ऑफिसात तुम्ही आणलंत मला. तुम्ही शब्द टाकला नसता तर मी अजून चुलीपुढे असते. म्हणून बोलले मी आज. आता फिटलं, मॅडम.”

नाका कधीच मागे पडला होता. मेघालीने आरशात बघितलं. रीमा खाडीकडे तोंड करून बसली होती.

बातमी घरी आधीच पोचली होती. धनेशला दौलतने फोन केला होता, आणि धनेशने आईला. भूपेशने खाडीवरून जिताडा आणला होता, चांगला हातभर. गुणाबाई दोघींना बघून चुलीपासूनच ओरडली, “आली गो माजी लीड! हात धू, बस आधी.”

सगळे पानावर बसले. गुणाबाईने कालवणात पळी घातली, शोधून शोधून मधली तुकडी वर काढली आणि मेघालीच्या ताटात टाकली. पांढरीशुभ्र, जाड, वर लाल रस्सा.

“आठ वर्सं खपलीस, आज मेनत पावली. मी सांगतंय ना यांना, माजी थोरली कमी न्हाय म्हनून. धाकटीला मोटी केली तीपन तूच.”

हेच शब्द ऐकण्यासाठी मेघाली इतके दिवस तळमळली होती. आता ते कानात शिरत होते आणि आत कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. तिने तुकडीखाली अलगद बोटं घातली, ती उचलली आणि शेजारी रीमाच्या ताटाकडे हात नेला.

“आई, ही हिची आहे,” ती म्हणाली. “आजचं सगळं हिच्यामुळे झालं.”

रीमाने स्वतःच्या ताटावर डावा हात आडवा धरला.

“नको ताई,” ती हसून म्हणाली. गुणाबाईला दिसावं एवढंच हसली. “तुमची आहे. तुम्हीच खा.”

मेघालीचा हात तसाच अधांतरी राहिला. बोटांवरून रस्सा ओघळून मनगटापर्यंत आला. रीमाने ताटावरचा हात काढला नाही.

“आगो, खा की!” गुणाबाई म्हणाली. “कवा धरून बसशील? गार व्हतंय.”

मेघालीने तुकडी परत आपल्या ताटात ठेवली आणि मान खाली घालून ती सगळी खाल्ली.