ताईचं कार्ड आणि माझी विक्री

मी व्हिडिओ गेमची डिस्क बोलतेय. माझ्यात लढाई आहे, रक्त आहे. म्हणून माझ्या डबीवर लाल चौकटीत अठराचा आकडा छापलाय. त्याहून लहान वयाच्यांनी मला खेळू नये, एवढाच त्याचा अर्थ.

नंदुरबारला स्टेशन रोडवर नवनीतच्या दुकानात मी काचेमागे होते. भर दुपारी ममता आली. अकरावीतली, उंच, उन्हामुळे तोंडाला रुमाल बांधलेला. नवनीतने वय विचारलं. तिने आधार कार्ड पुढे केलं. जन्मसाल पाहून त्याने मला पिशवीत घातलं.

रनाळ्याला, तिच्या गावी, घरात ती दार लावून खेळायची. एकदा तिचे वडील भिला आत आले. पडद्यावरचं पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला उचललं, थेट दुकान गाठलं आणि लेकीचं वय सांगत ते नवनीतवर ओरडले.

“सोळा वरीसनी आंडेर शे मन्ही! तिले हाई इकं तू?”

“दादा, तिनी कार्ड दखाडं. एकोणीस वरीसनं व्हतं.”

“मन्ही आंडेर खोटं बोलाव नही!”

भिलांनी पोलिसांत तक्रार दिली आणि मला पुरावा म्हणून फौजदारांच्या टेबलावर ठेवलं. फौजदारांनी सगळ्यांना बोलावलं. खिडकीबाहेरच्या बाकावर वकील चारुलता नवनीतला समजावत होत्या.

“वय विचारलंत, कार्ड पाहिलंत. हाच तुमचा भक्कम बचाव. दुकानातल्या कॅमेऱ्यातही दिसतंय.”

“मंग पोरनं काय व्हई?”

“दुसऱ्याचं ओळखपत्र वापरलं म्हणून चौकशी तिची होईल.”

नवनीतने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, “ते ऱ्हाऊ द्या. दुसरं काही?”

“डबीवरचा अठराचा आकडा परदेशी मंडळाचा, आपल्या कायद्यातला नाही, असं म्हणता येईल. पण लोक तुम्हालाच बोल लावतील.”

“चाली.”

आत चारुलतांनी फौजदारांपुढे तेवढंच मांडलं. भिला भडकले. “दखा साहेब! कार्डनं नाव बी नही आते!”

भिंतीशी उभ्या ममताला रडू फुटलं. “बाबा, कार्ड ताईनं व्हतं. मीच दखाडं.”

भिला नवनीतकडे वळले. “मंग आठे तू का नही सांगं रे?”

“तिले आजून शिकनं शे, दादा.”

भिलांनी तक्रार मागे घेतली. लेकीला बरोबर घेऊन ते गेले.

मी टेबलावरच राहिले. न्यायला कुणी आलं नाही. आता ठाण्याच्या कपाटात धूळ खातेय. माझी एकच विनंती आहे: पोरांच्या हातात माझ्यासारखी डिस्क दिसली, तर दुकान गाठण्याआधी घडीभर त्यांच्याजवळ बसा.