खुर्ची कुठे ठेवायची

"माळीबुवा, आज भोक कुठल्या मुलखात नेऊन ठेवलंत?" वकीलसाहेबांचा चेंडू तिसऱ्यांदा वाळूत गेला होता.

"डावीकडून या साहेब. तिकडे मोकळं आहे."

गोल्फच्या मैदानावर भोक रोज जागा बदलतं. हिरवळीत नवं पाडायचं, निघालेला मातीचा गोळा गवतासकट कालच्या भोकात बसवायचा, हे माळ्याचं पहाटेचं काम. येणारे सगळे हौशी; हौस दांडगी, नेम यथातथाच. भोक सोपं ठेवलं तर कंटाळतात, फार अवघड ठेवलं तर पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून तो ते वाळूच्या खड्ड्यामागे ठेवी, पण एक बाजू मोकळी सोडी. चुकलेल्याला परतायला वाट हवी, एवढंच त्याचं म्हणणं.

घरात मात्र त्याची अक्कल चालेना. बायकोची डावी बाजू लुळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, चालवा. मुलगी म्हणाली, "बाबा, आईचं सगळं हाताशी ठेवा. पडली म्हणजे?" त्याने पाणी, फणी, औषधं, सगळं पलंगाला खेटून मांडलं. बायको बोलेनाशी झाली. एकदा मात्र जड जिभेने म्हणाली, "तिकडे परक्यांना खेळू देता. मला नाही."

ते त्याला फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची पलंगापासून जरा लांब ठेवली, मध्ये धरायला टेबल. मग रोज थोडी पुढे. ती धापा टाकत पोचायची आणि राणीसारखी बसायची.

एका सकाळी ती पडली. कपाळाला खोक पडली. मुलीने त्याला नाही नाही ते ऐकवलं. तो मोरीत जाऊन रडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर निघताना खुर्ची पुन्हा पलंगाला चिकटवून गेला.

संध्याकाळी आला तर पलंग रिकामा.

"इकडे," मागल्या दारातून आवाज आला.

खुर्ची उंबऱ्याशी होती. खुर्चीत ती, कपाळाला पट्टी, भांग वाकडा, उन्हाकडे तोंड.

"कुणी आणलं इथे?"

"मीच. ढकलत ढकलत." तिने दम घेतला. "उद्या खुर्ची कुठे ठेवायची ते मी सांगेन."

तो खाली बघत राहिला. लादीवर पलंगापासून उंबऱ्यापर्यंत खुर्चीच्या पायांचे ओरखडे होते. मध्येच भलतीकडे, भिंतीपर्यंत गेलेले, आणि तिथून परत आलेले.